पेज जाते, पाणी अडते

१

भात शिजला की मी गंज गॅसवरून उतरवते, फडक्याने धरते, झाकण जरासं सरकवते आणि पेज गाळते. आमच्या भंडाऱ्याकडे मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. धानाच्या मुलखात राहून कुकरचा भात खायचा हे माझ्या यजमानांना, केशवरावांना, पटत नाही. ते राइस मिलमध्ये फिटर होते. आता घरीच असतात.

पेज ओतण्याआधी मी पळी गंजाच्या काठावर दोनदा वाजवते. एकदा जोरात, एकदा हळू. टण्ण, टण. ही माहेरची सवय. लाखांदूरजवळच्या आमच्या गावी दारात म्हैस होती, तिची वगार होती. आई घमेल्यात पेज ओतायची आणि पळी वाजवायची. वगार तळ्याच्या पाळीवर असली तरी शेपटी उडवत यायची. पवनीच्या या लेआउटमधल्या, प्लॉट पाडून झालेल्या वस्तीतल्या घरात म्हैस नाही आणि घमेलंही नाही. पेज सिंकमध्ये जाते. पण हाताला ते कोण सांगणार?

"कोणाले बोलावून राहिली वो?" केशवराव पेपरातून डोकं वर काढून विचारायचे.

"तुमाले जी. या, पेज प्या."

वर्षानुवर्षं आमची ही एकच थट्टा चालायची.

उष्टावण झाल्यापासून थोडी पेज नातीसाठी, गुड्डीसाठी, काढून ठेवायला लागले. वाटीत पेज, चिमूटभर मीठ. चमचा वाटीवर वाजवला, टण्ण, टण, की ती कुठेही खेळत असो, आ करून रांगत यायची. तिची आई रीना म्हणजे माझी सून. ती इथल्याच एका शाळेत शिकवते. मुलगा भुपेंद्र नागपूरला नोकरीला आहे. दिवसभर गुड्डी माझ्याच जवळ असते.

उन्हाळा संपता संपता सिंकमधलं पाणी हळू उतरायला लागलं.

त्यात नवल काहीच नव्हतं. पण भांडी घासताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली आणि मी नळ बंद करून पाहतच राहिले. भांड्यांचं पाणी काठापर्यंत तुंबून राहायचं. पेज ओतली की मात्र ती सरळ जायची. तिच्यासोबत वरचं पाणी जायचं नाही, ते तसंच थरथरत राहायचं. पांढरी पेज तेवढी त्यातून धार धरून खाली उतरायची.

२

"पातळ अडकते अन् घट्ट जाते?" केशवराव म्हणाले. "उलटंच बोलून राहिली तू."

मी करून दाखवलं. त्यांनी दोनदा करायला लावलं. मग बनियनवरच खाली बसून नट खोलायचे पाने काढले.

त्यांची पद्धत मला माहीत होती. मिलमधलं यंत्र बंद पडलं की ते एका टोकाकडून सुरुवात करायचे आणि एकेक भाग निर्दोष ठरवत पुढे जायचे. आधी जाळी काढली. स्वच्छ. मग रबरी पंप दाबून पाहिला. पंप दाबला की पाणी खाली जातं आणि सोडला की वर येतं, हे मी पाहिलेलं आहे. इथे पंप सोडल्यावर वर आलाच नाही. तळाला चिकटून बसला. केशवरावांनी दोन्ही हातांनी ओढला तेव्हा निघाला, तोही असा आवाज करून की गुड्डी रडायला लागली. बाळाच्या तोंडातून बाटली ओढून घ्यावी, तसा तो आवाज.

मग त्यांनी सिंकखालची वाटी उघडली. नळीला फिरकीने बसवलेली ती प्लास्टिकची वाटी, घाण साचते ती. मी खाली बादली धरली आणि नाक दाबलं.

बादलीत काहीच पडलं नाही.

केशवरावांनी वाटी उजेडात धरली. इतकी वर्षं वापरलेली वस्तू, तिच्यात तेलाचा थर नाही, भाताचं एक शीत नाही. आतून ती कोरी होती. प्लास्टिकवर बारीक बारीक ओरखडे होते, सगळे एकाच दिशेने गेलेले, पॉलिशपेपरने घासल्यासारखे.

"तू आतून घासून राहिली काय?"

"मी कायले घासू? माझा हात तरी जातो का त्यात?"

मी वाटी हातात घेतली. ती कोमट होती. वास नकोसा नव्हता, ओळखीचा होता, पण कशाचा ते तेव्हा आठवलं नाही.

३

सिंकचं पाणी ओट्याखालून, फरशीखालून मागच्या अंगणातल्या चेंबरमध्ये जातं. केशवरावांनी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, लावून चेंबरचं झाकण उचललं.

आत कोरडं होतं. नळीच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं आणि ते जाळं जुनं, धूळ धरलेलं होतं.

आम्ही दोघं त्या जाळ्याकडे बघत उभे राहिलो. माझ्या मनात एकच येत होतं. रोजची भांडी, रोजचे तांदूळ धुतलेलं पाणी, एवढी पेज, हे सगळं गेलं कुठे?

"मधात नळी फुटली," केशवराव म्हणाले. त्यांना कारण सापडलं की त्यांचा आवाज मोकळा होतो. "पाणी फरशीखाली मुरून राहिलं. एवढीच गोष्ट हाय."

मला पटलं. मला पटवून घ्यायचं होतं.

नळी कुठपर्यंत चांगली आहे हे पाहायला त्यांनी सब्बलीने तिच्या तोंडावर ठोकलं. एकदा जोरात, एकदा हळू. ते मुद्दाम नव्हतं, हात तसाच पडला.

अंगणातली माती हलली नाही. पण मी अनवाणी होते. माझ्या तळव्यांखालून काहीतरी जड चेंबरकडे सरकत आलं आणि थांबलं. कोळ्याचं जाळं आतल्या बाजूला ताणलं गेलं. जोराने श्वास आत ओढावा तसं. मग ते तुटून आत गेलं.

"ट्रक गेला वाटते रोडनं," केशवराव म्हणाले.

४

गुलाब आमच्या ओळखीचा नळवाला. हसतमुख माणूस, लग्नाच्या वरातीत नाचायला सगळ्यांच्या पुढे. त्याने वाटी बघितली आणि शीळ घातली.

"काकू, माह्या घरच्या ताटापेक्षा साफ हाय हे. जेवाले वाढा याच्यात."

"आधी काम कर बे," केशवराव म्हणाले.

"काकाजी, काम पेजेचं हाय. पेजेनंच नळ्या बसतात. काकू, आजपासून पेज टाकनं बंद. एकदम बंद."

त्याने वाटी परत बसवली, नळ सोडून ठेवला, तारेची लांब स्प्रिंग काढली, तिचं टोक नळीत घातलं आणि मूठ फिरवत आत सोडायला लागला. दोन-तीन हात आत गेल्यावर त्याचा हात थांबला. स्प्रिंग मात्र जातच राहिली.

"अरे," गुलाब म्हणाला. एवढंच.

तार त्याच्या बोटांवर चढली आणि आवळली. त्याचा हात खांद्यापर्यंत सिंकमध्ये खेचला गेला, हनुवटी स्टीलवर आपटली, दात फुटल्याचा आवाज मी ऐकला. केशवरावांनी त्याची कंबर धरली. मी केशवरावांना धरलं. गुलाब ओरडत नव्हता, नाकातून कण्हत होता. पुन्हा एक हिसका बसला, त्याचं कपाळ नळावर आदळलं, आणि मग काहीतरी सुटलं. आम्ही तिघं फरशीवर पडलो.

त्याच्या उजव्या हाताची मधली बोटं नव्हती. उरलेल्या तळव्याची कातडी हातमोजा अर्धवट उतरवावा तशी मनगटाकडे गोळा झाली होती.

शेजारच्यांच्या गाडीतून त्याला भंडाऱ्याला नेलं. केशवराव सोबत गेले. मिलमध्ये पट्ट्यात बोटं गेलेली त्यांनी पाहिली आहेत. तार पीळ घेते, सुटते, माणसाला ओढते, असं ते मला जाताना समजावून सांगत होते.

मी रक्त पुसायला घेतलं. फरशी पुसली, ओटा पुसला. मग सिंककडे वळले आणि फडकं हातातच राहिलं. नळ सुरूच राहिला होता आणि सिंक काठोकाठ भरलं होतं. पाणी नितळ होतं. रक्ताचा एक थेंबही त्यात नव्हता.

५

पेज बंद केली. ती मी दूर, कुंपणाच्या कडेला जास्वंदीला घालू लागले. पळी वाजवायची नाही, हे काही मला त्या वेळी सुचलं नाही. सुचेल तरी कसं? हात वाजवतच राहिला.

मग धक्के सुरू झाले. भर दुपारी, घरात सगळी जागी असताना. सिंकच्या तळाला खालून कोणी डोक्याने ढुशी द्यावी तसा आवाज यायचा. वाळत घातलेली ताटं उडून पडायची. एका दुपारी सिंकचा तळ वर फुगून आला आणि तसाच राहिला. स्टीलचा उंचवटा, माझ्या दोन मुठींएवढा. वगारीला उशीर झाला की ती घमेल्याला अशीच ढुशी द्यायची. सिंकखालच्या वाटीचा तो वास कशाचा होता, हे मला तेव्हा आठवलं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या तोंडाचा.

मी हे कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार?

"आई, घुशी हायेत त्या," रीना म्हणाली. "शेतात लेआउट पाडले, त्याईनं तरी कुठं जावं? पण मले गुड्डीची भीती वाटते. सुट्टी घेऊन तिले माहेरी नेऊ काय मी?"

"मी हाव ना," मी म्हणाले. "माह्या अंगावर आलं तर येईल. तिच्या अंगाले काही लागू देणार नाई."

रीनाने माझ्याकडे पाहिलं. मग पर्स उचलली. "तुमच्या भरोशावर ठेवून जातो आई." ती मला असं कधी म्हणाली नव्हती.

६

केशवरावांनी फरशी फोडायला घेतली. नळी कुठे फुटली हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते ऐकणार नव्हते. ओट्याखालच्या दोन फरशा निघाल्या, खाली मुरूम, त्याखाली माती. सब्बलीचे घाव बाहेरच्या खोलीत ऐकू येत होते.

गंज नुकताच उतरवून ओट्यावर ठेवला होता. मी गुड्डीची वाटी भरून बाहेरच्या खोलीत आले. ती दाराशी चपलांशी खेळत होती. मी चमचा वाटीवर वाजवला.

टण्ण, टण.

गुड्डी वळली. आणि आत केशवराव किंचाळले.

मी धावत गेले. फरशीतल्या खड्ड्यात त्यांचा डावा पाय मांडीपर्यंत होता. ते दोन्ही हातांनी ओट्याचा खांब धरून होते आणि त्यांची नखं सिमेंटवर मोडत होती. एका झटक्यात त्यांचा गुडघा उलटा वाकला. मी तो आवाज लिहू शकत नाही. सब्बल घरंगळून खड्ड्यात पडली आणि पडल्याचा आवाज आला नाही.

मी त्यांच्या काखेत हात घातले आणि ओढलं. त्यांचा पाय थोडा वर आला आणि त्याच्यासोबत जे आलं ते मी पाहिलं. क्षणभरच. राखी रंगाची जीभ, माझ्या मांडीएवढी जाड, खरबरीत, पायाभोवती दोन वेढे घेतलेली. तिच्या मागे खालच्या दातांची एक सपाट ओळ. वरचे दात नव्हते, गुरांना नसतात तसे. डोळे होते की नाही सांगता येणार नाही. वगारीला मी माझ्या हाताने पेज पाजली आहे. हे तोंड मला ओळखीचं वाटलं, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

मी गंज उचलला आणि उकळती पेज, भातासकट, त्या तोंडात ओतली.

त्याने पाय सोडला. ते भाजलं नाही, ओरडलं नाही. पिऊ लागलं. घोट, थांबणं. घोट, थांबणं.

केशवरावांच्या पायाला रक्त नव्हतं. गुडघ्याखाली कातडी नव्हती, मांसही फारसं नव्हतं. हाड त्या वाटीसारखं स्वच्छ होतं आणि त्यावर तसेच बारीक ओरखडे होते, सगळे एकाच दिशेने गेलेले.

७

भंडाऱ्याच्या दवाखान्यात केशवरावांनी डॉक्टरांना पाय मिलच्या यंत्रात गेला असं सांगितलं. भुपेंद्र नागपूरहून थेट तिकडे गेला. घरी येऊन रीनाला आणि गुड्डीला घेऊन जाणार होता.

तोपर्यंत मला खालच्या त्या तोंडाला शांत ठेवायचं होतं. खड्ड्यावर मी फरशी टाकली, फरशीवर धानाचं पोतं. सकाळ-संध्याकाळ भात लावायचा, खाणारं कोणी नसलं तरी, आणि पेज सिंकमध्ये सोडायची. पळी मी कापडात गुंडाळून ठेवली होती. घरात भांड्याला भांडं लागू देत नव्हते. गुड्डीला बोटाने भरवत होते.

जायच्या दिवशी रीना आतल्या खोलीत कपडे भरत होती. "आई, तिचं लाल झबलं कुठी हाय?" तिने विचारलं.

"दोरीवर," मी म्हणाले. तांदूळ नुकतेच गॅसवर चढले होते. पाण्याला आधणही आलं नव्हतं. गुड्डी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसली होती, ओट्यापाशी उभं राहून मला दिसत होती.

टण्ण, टण.

मी माझ्या हातांकडे पाहिलं. दोन्ही रिकामे होते.

आवाज सब्बलीच्या लोखंडाचा होता आणि बाहेरच्या खोलीतून, सतरंजीखालून आला होता. एक जोरात, एक हळू. अगदी माझ्यासारखा. माझ्या आईसारखा.

गुड्डीने खुळखुळा टाकला. खाली पाहिलं. तोंड उघडलं आणि आनंदाने दोन्ही हात फरशीवर आपटले. सतरंजीचा मधला भाग हळूच वर उचलला गेला. तिच्या पुढ्यातली फरशी तिरकी झाली.

ते बोलावण्याला येतं. बोलावलं की कुठेही असो, येतं. त्या क्षणी मला एवढंच कळलं आणि तेवढं पुरेसं होतं. मी पळीवरचं कापड दाताने फाडलं, पोतं पायाने ढकललं, फरशी सरकवली आणि गंजावर जीव तोडून वाजवलं. टण्ण, टण! टण्ण, टण! "ये! इकडं ये! ये माय, पेज घे!"

बाहेरच्या खोलीतली फरशी धप्पकन खाली बसली. मग दाराच्या उंबऱ्यापासून ओट्यापर्यंत एकेक फरशी उचलत, पाडत, ते आलं.

गंजात कच्चे तांदूळ आणि पाणी होतं. पेज झालीच नव्हती. आणि बोलावून रिकामं पाठवायचं नसतं.

मी उजवा हात खांद्यापर्यंत आत दिला.

८

आता मी डाव्या हाताने बरीच कामं करते. लिहिणं वेडंवाकडं येतं, पण येतं. केशवराव अजून दवाखान्यातच आहेत. रीना आणि गुड्डी नागपूरला, भुपेंद्रच्या खोलीवर सुखरूप आहेत. मी दिलेला शब्द पाळला, असं मला काल दुपारपर्यंत वाटत होतं.

काल दुपारी रीनाचा फोन आला. आवाज हसरा होता. इतक्या दिवसांनी ती हसली म्हणून मलाही बरं वाटलं.

"आई, गुड्डी काय शिकली सांगू? वाटी वाजवते. आपल्याच हातानं. तुम्ही वाजवत होत्या ना, सेम तशी. एक जोरात, एक हळू. दिवसभर तेच चालू हाय तिचं."

"कुठं बसून वाजवते?" मी विचारलं.

"किचनमध्ये. मोरीच्या तोंडापाशी. उचललं की रडते."

"रीना, वाटी घे तिच्या हातातून. आत्ता घे."

"घेतली ना. मग हातच आपटते." तिचा आवाज जरा लांब गेला, बहुतेक ती आत पाहत होती. "आई, इथंही पाणी तुंबून राहिलं. भुपेंद्र पाहतो म्हणते रविवारी."

मी फोन ओट्यावर ठेवला. सिंकचा नळ पूर्ण सोडला. भांड्यांचं सगळं पाणी ओतलं, एक बादली ओतली, दुसरी ओतली. घळाघळा, एका दमात, सगळं गेलं. मागच्या अंगणात चेंबरमध्ये पाणी पडल्याचा आवाज ऐकू आला. मी जाऊन झाकण सरकवून पाहिलं. चेंबर भरून वाहत होतं. साबणाचा फेस, भाताची शितं, सगळं.

खाली कोणी नव्हतं.

नागपूरची गाडी फाट्यावरून मिळते. मी गंज घासून पिशवीत ठेवला आहे आणि पळी कमरेला खोचली आहे. तिथे पोहोचल्यावर भात लावायला वेळ मिळेल की नाही, ठाऊक नाही. न मिळाला तरी चालेल. बोलावण्यापुरता आवाज झाला की पुरे.

डावा हात अजून आहे.